अर्ध्यातनं उठायचं न्हाई

आमच्याकडं बायको मेली की नवऱ्याचा दुखवटा सासरवाडीनं काढायचा असतो. तेरावं होतं, माणसं पांगतात, मग काही दिवसांनी मेव्हणा टॉवेल-टोपी घेऊन येतो. तो त्या माणसाच्या डोक्यावर नवी टोपी घालतो आणि त्याला धरून बाहेर काढतो. कुठंतरी नेतो, चार लोकांत बसवतो, काहीतरी बघायला लावतो, आणि येताना तोंड गोड करतो. तोवर त्या माणसानं लग्नाकार्याला जायचं नाही, गोड खायचं नाही. पूर्वी जत्रेतल्या तंबूत पिक्चरला न्यायचे. माझी आई गेली तेव्हा मामानं माझ्या बापाला असाच तंबूत नेला होता. बापानं जन्मात पिक्चर बघितला नव्हता. घरी येऊन म्हणाला, "तितली माणसं लय मोठी हायत," आणि दुसऱ्या दिवशी उसाला पाणी पाजायला रानात गेला. निघाला दुखवटा.

माझी बायको उन्हाळ्यात गेली. रात्री जेवली, भांडी घासली, अंथरुणावर पडताना म्हणाली, "फाटक लावलं का?" मी म्हणालो, "लावलं." सकाळी उठली नाही. डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही, चांगलं मरण आलं. चांगलं तिला आलं. मला काय चांगलं आलं? सगळा जन्म एका घरात काढला आणि शेवटचं बोलणं फाटकावर झालं.

तेरावं झालं आणि लेक मला सांगलीला घेऊन आली. लेक एकच. विश्रामबागेत राहते, कॉलेजच्या ऑफिसात कामाला आहे. जावई फौजेत, सुट्टीला येईल तेवढाच. भावकी म्हणाली, दुखवटा निघायच्या आत घर सोडू नका. लेक म्हणाली, लेकीचं घर काय परकं आहे का? तिच्यापुढं कोण बोलणार.

तिनं काही कमी केलं नाही. सकाळी ऑफिसला जायच्या आधी भाजी-भाकरी करून ठेवायची, दुपारी फोन करून जेवलात का विचारायची. पण मला घरी जायचं होतं. खरं सांगतो, मला रडायचं होतं. तिकडं मयतीला मी रडलो नाही. माणसांची गर्दी, लाकडं आणा, भटजीला बोलवा, ह्यातच दिवस गेले. आणि फ्लॅटात रडता येत नाही. भिंतीपलीकडं माणसं जेवत असतात, टीव्ही बघत असतात. रडायचं तर बाथरूमात नळ सोडून. तसं रडणं मला जमत नाही. आमच्या घराला मागं रान आहे, तिथं गुरासारखं हंबरडा फोडला तरी कुणी विचारायला येत नाही.

मी रोज म्हणायचो, "मला सोड की गं घरी." ती रोज म्हणायची, "दुखवटा निघू दे आबा, मग बघू."

त्यात भेटायला येणारी माणसं. सांगलीतही आमच्याकडची लय माणसं आहेत. कुणी आलं की लेक मला खुर्चीवर बसवायची. आलेला माणूस हळू आवाजात विचारायचा, कसं झालं हो? मी सांगायचो, रात्री जेवली, सकाळी उठली नाही. तो मान हलवायचा. मी टॉवेलानं तोंड पुसायचो. चहा यायचा. दुसरा आला की पुन्हा पहिल्यापासनं. एकदा एका माणसाला मी उसाच्या लागणीचं विचारलं, तर तो असा बघायला लागला की ह्याची बायको मेली आहे का दुसऱ्याची. मग मी परत टॉवेल तोंडाला लावला.

एका रविवारी मेव्हणा आला. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, वाईला बाजारात त्याचं भांड्यांचं दुकान आहे. बोलायला लय. पिशवीत टॉवेल, टोपी आणि साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा खोका. आल्या आल्या त्यानं माझ्या डोक्यावर टोपी घातली, ती कपाळावर आली.

"मोठी झाली व्हय, दाजी?"

"डोस्कं बारीक झालंय माजं. चला, न्या कुठं न्यायचं ते."

लेक म्हणाली, "मामा, हरिपूरला जाऊया का संगमावर? देवदर्शन बी हुईल."

"द्यावाला काय, कवाबी जाता येतंय," मेव्हणा म्हणाला. "आक्काचा पिक्चर लागलाय हितं. त्योच दावायचा."

आक्काचा पिक्चर म्हणजे माझ्या बायकोच्या आवडत्या नटाचा. त्याचं नाव लिहीत नाही, लिहायची गरजही नाही. आम्ही तरणे होतो तेव्हापासनं तो बंदूक घेऊन पळतोय. आमची ही वाईकडची. तिच्या लग्नाआधी घाटावर त्याचं शूटिंग झालं होतं. ही सकाळपासनं उन्हात उभी राहिली आणि दिवसभरात फक्त त्याची पाठ दिसली. तेवढ्यावर तिनं जन्म काढला. दुपारी टीव्हीवर त्याचा पिक्चर लागला की मी हाक मारायचो, "ये गं, तुजा पैला नवरा आलाय." ती हात पुसत यायची आणि त्याच्याशीच बोलत बसायची. "मागं बघ की मुडद्या! त्यो आला बघ जिन्यावनं!" तिचं ऐकून तो मागं वळायचा, आणि ती माझ्याकडं बघायची, बघा, ऐकतोय का न्हाई.

तर आम्ही तिघं गेलो. लेक मध्ये, मी कडेला, म्हणजे पाय पसरता येतील. थंड हवा, मऊ खुर्च्या. माणसं थोडी, मागं कॉलेजची पोरं. मेव्हण्यानं बसायच्या आधीच सांगून टाकलं, "दाजी, एकदा बसलं की आता अर्ध्यातनं उठायचं न्हाई. अर्ध्यातनं उठलं तर दुखवटा अर्धा अंगावर ऱ्हातोय."

"हे कुणी सांगितलं?" लेक म्हणाली.

"सांगायचं काय त्यात? आसंच आस्तंय."

मीही असं ऐकलं होतं, माझ्या मामाकडून. खरं-खोटं देव जाणे. पण मी मनाशी पक्कं केलं. अर्धा राहिला तर लेक म्हणणार, अजून अर्धा हाय आबा, मग बघू. म्हणून मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो.

पिक्चर चालू झाला. नट रिटायर झालेला साहेब, डोंगरातल्या गावात बायकोबरोबर राहतोय. केस कोळशासारखे काळे, पण गळा म्हाताऱ्याचा. गळ्याला कलप लावता येत नाही. बायको त्याच्या लेकीच्या वयाची दिसत होती. दोघं चहा पीत बसली, हसली, आणि तेवढ्यात काळ्या गाड्या आल्या आणि बायकोला गोळी लागली.

अंधारात लेकीचा हात माझ्या हातावर आला. मेव्हणा खुर्चीत खाली खाली सरकायला लागला.

"मामा," लेक दात खाऊन म्हणाली, "इचारून तरी आणायचं व्हतंस कुणाला! बायकू मेलेल्या माणसाला ह्यो पिक्चर?"

"मला काय म्हाईत गं! दर टायमाला त्येचा भाऊ मरतोय!"

मागनं एक पोरगं म्हणालं, "ओ काका, गप बसा की." तेव्हा दोघं गप्प झाले.

पडद्यावर बायको त्याच्या मांडीवर पडली होती आणि बोलत होती. लय वेळ बोलली. पहिल्यांदा भेटलो तो पाऊस आठवतो का, हे आठवतं का, ते आठवतं का. गोळी लागलेलं माणूस एवढं बोलत नाही हे कुणालाही कळेल. मागची पोरं ओरडायला लागली, "मर की बाई आता!" एकानं शिट्टी मारली. सगळं थेटर हसलं. मेव्हणासुद्धा फस्सकन हसला आणि त्यानं तोंड दाबलं.

मला हसू आलं नाही. मी मनात म्हटलं, बोलू द्या की तिला. त्याला निदान ऐकायला तरी मिळतंय.

शेवटी ती मेली. आणि हा उठला, गोठ्यात गेला, जमिनीतनं बंदुकांची पेटी काढली आणि निघाला. मी बघतच राहिलो. बायको अंगणात पडली आहे. तिला उचललं नाही, माणसं बोलवली नाहीत, अग्नी नाही, राख नाही. दहाव्याला पिंड कोण ठेवणार? आणि हा दुसऱ्याच शिनला शहरात कुणाच्या तरी नरड्यावर पाय देऊन उभा. माझ्या तोंडातनं मोठ्यानं गेलं, "आरं, आदी तिला उचल की मुडद्या!"

पोरं परत हसली. "आजोबा एक नंबर!" एक जण म्हणाला. लेकीनं माझ्याकडं बघितलं. मला तेव्हा कळलं नाही ती का बघते आहे. मुडद्या हा शब्द माझा नव्हे. मी कुणाला मुडद्या म्हणत नाही.

"उठा आबा," ती म्हणाली, "चला, जाऊया घरी. बास झालं."

"न्हाई."

"तरास हुतोय तुमाला."

"मी उठत न्हाई. तू जा बाहेर, पॉपकॉर्न आण जा."

गेली नाही. तीही बसली.

त्यापुढं बघण्यासारखं काही नव्हतं. मारामारी, गाड्या उडतायत, परत मारामारी. मोटरसायकल गच्चीवरनं उडवायची होती तेव्हा मागनं दुसराच तरणा माणूस दिसला, मान जाड, आणि खाली आल्यावर परत हा. तेच काळं जाकीट, तोच चष्मा काढायचा, तेच एक वाक्य दात आवळून बोलायचं. बायकोबरोबर टीव्हीवर बघितलेल्या कितीतरी पिक्चरमध्ये हेच होतं. मला त्याचा राग येईना, दया यायला लागली. हा माझ्याएवढा, वर्ष-दोन वर्ष इकडंतिकडं. पायऱ्या चढताना त्याचा डावा गुडघा वाकत नाही हे मला लगेच दिसलं, कारण माझाही वाकत नाही. घरी ह्याला कुणी बस म्हणत असेल का? म्हणत असतील तरी उद्या सकाळी परत जाकीट घालून पळायचं. लोकांना त्याचं पळणंच ठाऊक. तो नुसता बसलेला त्यांना चालत नाही. माझ्या टॉवेलासारखंच त्याचं ते जाकीट.

मध्यंतर झालं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, लघवीला गेलं तर चालतंय, त्ये उठणं धरत न्हाईत." आम्ही जाऊन आलो. परत बसलो.

आणि मग एक शिन आला, त्यासाठी मी हे सगळं लिहितो आहे. पुढच्या मारामारीआधी तो रात्रीपुरता घरी येतो. रिकामं घर. स्वयंपाकघरात जातो, गॅसवर पाणी ठेवतो आणि साखरेचा डबा शोधायला लागतो. एक डबा उघडला, डाळ. दुसरा उघडला, पीठ. तिसऱ्यात काय तर बटणं आणि दोरा. तो त्या बटणांकडं बघत उभा राहिला. बाजा नाही, गाणं नाही, डायलॉग नाही. पाणी उकळतंय त्याचा आवाज. मग त्यानं झाकण लावलं, डबा होता तिथं ठेवला, नीट, फडताळाच्या कडेला टेकवून, आणि ओट्याला हात धरून खाली वाकला. गुडघ्यामुळं वाकला का कशामुळं, काय माहीत. पण खोटं करत नव्हता. मी पुढं सरकून बसलो. मागची पोरंसुद्धा गप्प होती. मला वाटलं, आता. आता हा माणूस काहीतरी दाखवणार. एवढ्या वर्षांत कुणी दाखवू दिलं नव्हतं ते.

खळ्ळकन खिडकी फुटली आणि दोरीला लटकत चार गुंड आत आले.

"हात तिच्या मायला!" मी म्हणालो.

त्यानं एकाला उकळत्या पाण्याचं पातेलं मारलं, दुसऱ्याला फडताळात घातलं. सगळे डबे खाली, डाळ, पीठ, बटणं सगळं एक झालं. पोरं टाळ्या वाजवायला लागली. मला इतका राग आला की पडद्यावर चप्पल मारावीशी वाटली. त्या नटाचा नव्हे. ज्यानं कुणी हे लिहिलं त्याचा. एक मिनिट अजून थांबला असता तर काय बिघडलं असतं? त्याला साखर तरी सापडू द्यायची.

नंतरचं मला नीट सांगता येणार नाही. शेवटाला एका बंद गोदामात सगळे मेले, तो एकटा उरला, उजेडात चालत गेला, आणि नावांच्या पाट्या वर जायला लागल्या. कुठं गेला? घरी गेला का? जेवला का? काही नाही. पोरं शिव्या देत उठली, पैसे पाण्यात गेले म्हणाली. मी सगळ्या पाट्या संपेपर्यंत बसलो. झाडूवाली बाई आली आणि म्हणाली, "बाबा, संपलं." मग उठलो.

बाहेर मोटरसायकली लावतात तिथं कट्टा होता, त्यावर बसलो. मेव्हणा लय खजील झाला होता. "दाजी, चुकलं माजं. हरिपूरलाच जायाला पायजे व्हतं." मी म्हणालो, "चांगला व्हता."

"चांगला?"

"त्यो चांगला व्हता. पिक्चर भिकार व्हता."

मग त्यानं पेढ्यांचा खोका सोडला आणि लेकीच्या हातात पेढा दिला, कारण गोड लेकीनं भरवायचं असतं. तिनं माझ्या तोंडापाशी आणला. मी तोंड मिटलं.

"आ करा, आबा."

"आदी सांग. सोडतीस का घरी?"

"मग बघू म्हणलं की न्हाई."

"दुखवटा निघाला. पुरा निघाला, तुझ्या देखत, पाट्यांसकट. आता काय बघायचं ऱ्हायलंय?"

"दाजी, खावा की आदी," मेव्हणा म्हणाला, "बोलायचं ते मागनं बोला."

मी तोंड उघडलं नाही. येणारीजाणारी माणसं बघायला लागली. लेक पेढा धरून तशीच उभी होती. मग तिचा हात खाली आला आणि ती बोलली, तिच्या मनात उन्हाळ्यापासनं होतं ते.

"आई गेली तवा तुमी शेजारी झोपला व्हता. हाताच्या अंतरावर. तरी तुमाला सकाळपातूर कळलं न्हाई. मग तुमी तितं एकटं. तुमाला काय झालं तर मला कोण सांगणार? दूधवाला? कवा सांगणार?"

मेव्हणा दुसरीकडं बघायला लागला. ती मला दोष देत नव्हती, मला ते कळत होतं. ती भ्यालेली होती. एवढी ऑफिसात हुकूम चालवणारी बाई, पण डोळे तिसरीतल्या पोरीसारखे.

मी म्हणालो, "बाय, हितं मेलो तरी तू ऑफिसातच आसशील की."

"आवं दाजी!" मेव्हणा ओरडला.

पण ती हसली. रडत रडत हसली, नाकातनं आवाज काढून, तिच्या आईसारखी. आणि म्हणाली, "लय वंगाळ बोलताय तुमी." मी म्हणालो, "मला तितं रडायचं हाय गं. हितं तुझ्या घरात मला रडता येत न्हाई." हे मी कुणाला सांगणार नव्हतो. तिच्याकडं बघूनही बोललो नाही, एका लाल मोटरसायकलीकडं बघून बोललो.

पेढा तिच्या हातात मऊ व्हायला लागला होता.

"रोज सकाळी फोन करायचा," ती म्हणाली. "उठल्या उठल्या. चा प्यायच्या आदी. आन् न्हाई आला तर मी गाडी काढून येणार, मग गावापुढं बोलीन, तवा म्हणू नका."

"करीन."

"आन् सांजच्याला बी."

"सांजच्याला बी करीन."

"आ करा."

मी तोंड उघडलं. किती दिवसांनी गोड खाल्लं, जीभ दुखली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हणा आणि मी एसटीत बसलो. त्याला पुढं वाईला जायचं होतं, मला मध्येच उतरायचं. लेक स्टँडावर सोडून ऑफिसला गेली. गाडी अजून स्टँडाच्या बाहेर पडली नव्हती, तेवढ्यात फोन वाजला.

"आबा, पोचला का?"

"आगं, आजून तितंच हाय. डायव्हर चा पितोय."

"बरं," ती म्हणाली. मला वाटलं ठेवला, पण ठेवला नव्हता. तिकडनं ऑफिसातला पंखा ऐकू येत होता. मीही ठेवला नाही. मेव्हणा खिडकीला डोकं लावून झोपला होता. बस सुरू झाली, गर्दीतनं वाट काढत निघाली, आणि आम्ही दोघं तसंच फोन कानाला लावून, काही न बोलता.

कंडक्टर आला. माझ्या वयाला तिकिटाचे पैसे लागत नाहीत, तरी गाव सांगावं लागतं.

"कुठं, आजोबा?"

"घरी," मी म्हणालो.

"घरीच चाललीत सगळी," तो म्हणाला. "गाव सांगा."

फोनमध्ये लेक हसल्यासारखी वाटली. मग मी गाव सांगितलं.